इअरमार्कमधून मशीन आलं, पण खोली नव्हती: एका युनिव्हर्सिटीचं प्रकरण

आधीच सांगते, यातली युनिव्हर्सिटी, राज्य, माणसं कोणाचंच नाव देत नाहीये आणि रकमा गोल केल्यात, बाकी घडलं तसं लिहिलंय. मी अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका सरकारी युनिव्हर्सिटीच्या रिसर्च ऑफिसमध्ये आहे. प्रोफेसर लोकांची ग्रँटची प्रपोजल वाचायची, बजेट बसवायचं, डेडलाईनच्या आत सगळं अपलोड करायचं, हे माझं रोजचं काम. या प्रकरणात सुरुवातीपासून होते, काही निर्णयांना मीही मान डोलावली होती, म्हणून हे लिहून ठेवावंसं वाटलं. इकडच्या युनिव्हर्सिटीत बरेच मराठी लोक प्रोफेसर आहेत, लॅब चालवतायत, त्यातल्या कोणासमोर इअरमार्कची, म्हणजे संसदेने संस्थेचं नाव घेऊन थेट दिलेल्या पैशाची, हीच वाट आली तर उपयोग होईल.

पार्श्वभूमी

बाबांना पुण्याला फोनवर हे सगळं सांगत होते तर त्यांनी लगेच विचारलं, "अगं म्हणजे आपला खासदार निधीच ना?" जवळचं आहे पण तेच नाही. आपल्याकडे प्रत्येक खासदाराला वर्षाला ५ कोटी ठरलेले असतात, तो काम सुचवतो आणि जिल्हा प्रशासन ते करून घेतं. इअरमार्कमध्ये असा ठरलेला कोटा कोणालाच नसतो. अमेरिकन काँग्रेस म्हणजे इथली संसद दरवर्षी खर्चाचे कायदे करते, त्या कायद्यासोबतच्या यादीतच एखाद्या सदस्याच्या विनंतीवरून लिहिलं जातं की अमुक खात्याच्या पैशातले इतके डॉलर अमुक संस्थेला अमुक कामासाठी द्यायचे. मग त्या खात्याला ते द्यावेच लागतात, स्पर्धा नाही, गुण नाहीत. शब्द आला तोही गुरांच्या कानावर खूण करायच्या पद्धतीवरून, हा पैसा याचा असं आधीच ठरलेलं.

रस्ते, पूल, पाण्याच्या लाईन यांना हे पूर्वीपासून मिळायचं. विज्ञानात ते ठळकपणे आलं १९८३ ला, कोलंबिया युनिव्हर्सिटी आणि कॅथलिक युनिव्हर्सिटी ऑफ अमेरिका या दोघांनी एका लॉबिंग फर्मच्या मदतीने ऊर्जा खात्याच्या बजेटमधून आपापल्या लॅबच्या इमारतींसाठी थेट संसदेकडून पैसे मिळवले. त्यावर मोठा वाद झाला. मोठ्या रिसर्च युनिव्हर्सिटींच्या संघटनेने, म्हणजे एएयूने, त्याच वर्षी सभासदांना आवाहन केलं की हे करू नका, विज्ञानाचा पैसा पीअर रिव्ह्यूनेच, म्हणजे त्या विषयातल्या दुसऱ्या जाणकारांनी प्रपोजल तपासूनच वाटला गेला पाहिजे. ऐकलं फार थोड्यांनी. लहान युनिव्हर्सिटींचं म्हणणं असं होतं की पीअर रिव्ह्यूमध्ये पैसा फिरून फिरून त्याच वीसतीस श्रीमंत संस्थांकडे जातो, आमच्याकडे चांगली लॅबच नाही तर चांगलं प्रपोजल कुठून येणार आणि चांगलं प्रपोजल नाही तर लॅब कशी होणार. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात आणि या प्रकरणात आम्ही दोन्ही अनुभवल्या.

२००८ पर्यंत युनिव्हर्सिटींचे इअरमार्क वर्षाला २०० कोटी डॉलरच्या वर गेले होते. मग २०११ ला बंदी आली आणि दहा वर्षं सगळं थांबलं. २०२१ ला परत सुरू झालं, संसदेच्या दोन सभागृहांत दोन नवीन नावं घेऊन, हाऊसमध्ये 'कम्युनिटी प्रोजेक्ट फंडिंग' आणि सेनेटमध्ये 'काँग्रेशनली डायरेक्टेड स्पेंडिंग'. नियमही कडक झाले. एकूण ऐच्छिक खर्चाच्या, म्हणजे संसद दरवर्षी नव्याने मंजूर करते त्या खर्चाच्या, एक टक्क्याची मर्यादा आली, नफा कमावणाऱ्या कंपनीला काही द्यायचं नाही असं ठरलं, प्रत्येक विनंती सदस्याच्या वेबसाईटवर टाकायची, माझा किंवा माझ्या कुटुंबाचा यात आर्थिक फायदा नाही असं सदस्याने लिहून द्यायचं. वॉशिंग्टनमधले कामकाजी लोक अजून सरळ इअरमार्कच म्हणतात.

अडचण काय होती

आमच्या रसायनशास्त्र विभागात एक प्रोफेसरबाई आहेत, पाण्यातल्या पीफासवर काम करतात. पीफास म्हणजे फ्लोरिनवाली रसायनं, नॉनस्टिक तव्यापासून आग विझवायच्या फेसापर्यंत सगळीकडे वापरलेली, निसर्गात जवळजवळ विघटनच न होणारी. आमच्या गावापासून थोड्या अंतरावर एक जुनी लष्करी धावपट्टी आहे, तिथे वर्षानुवर्षं त्या फेसाने सराव झाला आणि आजूबाजूच्या शेतघरांच्या विहिरी त्याच भूजलावर. इथे एक गोष्ट लक्षात घ्या, पिण्याच्या पाण्याचा केंद्राचा कायदा नगरपालिकेच्या नळाला लागू होतो, खासगी विहिरीला नाही. एप्रिल २०२४ ला ईपीएने, म्हणजे केंद्राच्या पर्यावरण संस्थेने, पीएफओए आणि पीएफओएस या दोन पीफास रसायनांसाठी लिटरला ४ नॅनोग्रॅमची मर्यादा ठरवली, पण ज्याची स्वतःची विहीर आहे त्याच्याकडे कोणी इन्स्पेक्टर येत नाही. तो बाटली घेऊन बाईंच्या लॅबच्या दाराशी येतो.

आणि बाईंच्या लॅबमधलं मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे नमुन्यातली रसायनं ओळखून मोजणारं मशीन, इतकं जुनं होतं की एवढं कमी प्रमाण त्याला दिसतच नव्हतं. नमुने बाहेर पाठवले तर एकेकाला काही शे डॉलर. दोन मशीन हवी होती, एक ट्रिपल क्वाड म्हणजे माहीत असलेली पीफास अचूक मोजायला आणि दुसरं हाय रिझोल्यूशनवालं, जी रसायनं यादीतच नाहीत ती शोधायला.

कोणते पर्याय होते

सरळ रस्ता होता एनएसएफचा, म्हणजे विज्ञान संशोधनाला पैसे देणाऱ्या केंद्राच्या संस्थेचा, एमआरआय प्रोग्राम, नाव दवाखान्यातल्या मशीनसारखं असलं तरी हा रिसर्चची मोठी उपकरणं घ्यायचा प्रोग्राम आहे. बाईंनी २०२१ ला तिथे अर्ज केला होता आणि तो नाकारला गेला. तेव्हा आमच्यासारख्या पीएचडी देणाऱ्या संस्थेला ३० टक्के स्वतःचे घालावे लागायचे, ते जमवताना डीनची दमछाक झाली होती, आणि वर नकार, त्यामुळे मनात कडवटपणा राहिला होता. २०२२ च्या चिप्स अँड सायन्स कायद्याने ती ३० टक्क्यांची अट पाच वर्षांसाठी काढून टाकली, म्हणजे रस्ता सोपा झाला होता. पण प्रत्येक युनिव्हर्सिटीला लहान गटात दोनच अर्ज पाठवता येतात, म्हणजे आधी घरातच स्पर्धा.

२०२१ च्या नकारासोबत रिव्ह्यूअर लोकांचे शेरे आले होते. त्यातला एक मी आता इतक्या वेळा वाचलाय की पाठ झालाय, मराठीत सांगायचं तर असा: मशीन कोण चालवणार आणि कुठल्या खोलीत बसणार हे अर्जात स्पष्ट नाही, तीन वर्षांनंतरच्या देखभालीचा आराखडा नाही. आम्हाला तेव्हा वाटलं की विज्ञानाला नावं ठेवता आली नाहीत म्हणून खोलीला ठेवली.

दुसरा पर्याय राज्य सरकारचा, तिथे पैसा होता पण पाणीपुरवठा योजनांसाठी, रिसर्चला नाही. तिसरा म्हणजे नमुने बाहेर पाठवत राहायचं आणि फक्त निकालांचा अभ्यास करायचा. बाईंना तो पटत नव्हता कारण अनोळखी रसायनं शोधायची तर मशीन हाताशी लागतं.

चौथा इअरमार्क. युनिव्हर्सिटीचे वॉशिंग्टनशी संबंध सांभाळणारे एक गृहस्थ आहेत, ते जानेवारी २०२३ ला सगळ्या डीनना मेल करून विचारत होते की काही मागायचंय का. आमच्या मतदारसंघाच्या हाऊसमधल्या सदस्याच्या ऑफिसने सांगितलं, आमच्या पंधरा विनंत्या रस्ते, पोलीस आणि सांडपाण्यात भरल्यात. मग सिनेटरचं ऑफिस. तिथल्या स्टाफमधल्या मुलीने दहा मिनिटांच्या कॉलमध्ये तीन प्रश्न विचारले, किती लोकांना उपयोग, कोणाची पाठिंब्याची पत्रं, आणि पैसा एका वर्षात वापरायला सुरुवात होईल का. विज्ञानाबद्दल एकही नाही. तिचा दोष नाही, तिचं ते कामच नाही, पण कॉल संपल्यावर मला जरा चुकचुकल्यासारखं झालं होतं ते आठवतंय.

पहिला निर्णय: कुठल्या खात्यातून मागायचं

हे बाहेरून कोणाला दिसत नाही पण सगळं इथेच ठरतं. इअरमार्क काही ठराविक खात्यांतूनच मिळतो. एनएसएफ आणि वैद्यकीय संशोधनाला पैसे देणारी एनआयएच यांना यातून बाहेर ठेवलेलं आहे, तिथे पीअर रिव्ह्यूच चालतो, आणि मला वाटतं हे फार चांगलं आहे. युनिव्हर्सिटीच्या उपकरणांसाठी त्यावेळी वापरातली वाट होती निस्ट, म्हणजे वजनमापं आणि तांत्रिक मानकं बघणारी संस्था. तिच्यात दोन वेगळे खिसे, एक संशोधन आणि उपकरणांचा, दुसरा बांधकामाचा. उपकरणाच्या खिशातून भिंत पाडता येत नाही, आणि बांधकामाच्या खिशातून मागायचं तर तो वेगळा प्रोजेक्ट, वेगळी विनंती.

बाईंची जागा म्हणजे १९६० च्या दशकातल्या इमारतीतली तळमजल्यावरची खोली. तिथे हवा खेळती ठेवायची व्यवस्था जुनी, विजेचा लोड पुरेसा नाही, मशीनला लागणारा नायट्रोजन नाही. म्हणजे खरं तर एकाच कामाचे दोन भाग होते. चर्चा झाली की दोन्ही एकदम मागायचे का. वॉशिंग्टनवाले गृहस्थ म्हणाले, एकाच वर्षी एकाच लॅबसाठी दोन मागितले तर सिनेटरचं ऑफिस एकच निवडेल, या वर्षी मशीन मागा, पुढच्या वर्षी खोली. डीनना पटलं, मलाही पटलं. मशीन लोकांना दाखवता येतं, सिनेटर येऊन शेजारी उभं राहून फोटो काढू शकतात, विजेच्या पॅनेलसोबत कोण फोटो काढणार, असं त्या मीटिंगमध्ये कोणीतरी स्पष्टच बोललं होतं. आणि ते खरंही होतं.

मग मार्चमध्ये अर्ज गेला. १८ लाख डॉलर, त्यात दोन मशीन, नमुने तयार करायची सामग्री, तीन वर्षांचा टेक्निशियनचा पगार, तीन वर्षांचं सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट. पाठिंब्याची अकरा पत्रं जोडली, काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, आरोग्य खात्याचं, शेतकरी संघटनेचं, दोन गावांच्या महापौरांचं. ती पत्रं गोळा करताना मी पहिल्यांदा त्या विहिरीवाल्या लोकांशी बोलले. एका बाईंनी फोनवर सांगितलं की त्या तीन वर्षं दुकानातून पाण्याचे कॅन आणतायत, गाई मात्र विहिरीचंच पितात. एमआरआयचा अर्ज लिहिताना मी असल्या कोणाशी कधी बोलले नव्हते. पीअर रिव्ह्यूच्या वाटेवर ही गोष्ट आम्ही केलीच नसती, ही या वाटेची जमेची बाजू आहे आणि ती मी मोकळेपणाने मान्य करते.

दुसरा निर्णय: एमआरआयची जागा सोडली

जुलै २०२३ ला सेनेटच्या कमिटीची यादी आली, त्यात आमचं नाव होतं. रक्कम १२ लाख. कमी का केली हे कोणी सांगत नाही, विचारायचीही पद्धत नाही. तरी विभागात केक कापला गेला.

ऑक्टोबरला घरातली स्पर्धा होती, १५ नोव्हेंबरच्या एमआरआयसाठी कोणाचे दोन अर्ज जाणार. बाईंचा अर्ज तयार होता, २०२१ पेक्षा खूप सुधारलेला. पण कमिटीत सूर असा लागला की यांचं तर इअरमार्कमध्ये झालंय, दुसऱ्यांना संधी द्या. ऐकायला न्याय्य. मी त्या मीटिंगला नोट्स घेत होते, बोलले नाही. खरी परिस्थिती अशी होती की झालं काहीच नव्हतं, कमिटीची यादी म्हणजे कायदा नव्हे, आणि १ ऑक्टोबरला आर्थिक वर्ष सुरू होऊनही संसद आधीच्या वर्षाच्याच बजेटवर मुदतवाढ देत चालली होती. आणि सगळ्यात मोठं म्हणजे १८ मधले ६ लाख कमी झाले होते, त्यांचं काय करायचं हा प्रश्न कोणी मांडलाच नाही. एमआरआयमधून निदान हाय रिझोल्यूशनवालं मशीन वेगळं मागता आलं असतं आणि इअरमार्कची विनंती बाकीच्यावर टिकवता आली असती.

कायदा शेवटी ९ मार्च २०२४ ला सही होऊन आला. आमचे १२ लाख त्यात होते. आणि त्याच कायद्यात एनएसएफचं बजेट आधीच्या वर्षापेक्षा सुमारे ८ टक्क्यांनी कमी होऊन ९०६ कोटी डॉलरवर आलं. मी दोन्ही आकडे एकाच दिवशी वाचले. आमच्या १२ लाखांमुळे एनएसएफचे पैसे गेले असं म्हणणं बरोबर नाही, हिशोब तसा सरळ चालत नाही. पण ज्या डब्यात सगळ्यांना स्पर्धा करून हात घालता येतो तो डबा लहान झाला आणि त्याच कागदावर आम्हाला आमचं नाव लिहिलेलं पाकीट मिळालं, हे विसरता येत नाही. शेजारच्या विभागात एक तरुण प्रोफेसर आहे, त्याचं एनएसएफचं प्रपोजल त्या वर्षी चांगले शेरे मिळूनही पैशाअभावी गेलं, त्याच्यासमोर आमच्या मशीनचा विषय काढायला मला जड जायचं.

तिसरा निर्णय: सहा लाख कुठून कापायचे

कायदा झाला म्हणजे चेक येत नाही, हे नवीन लोकांना माहीत नसतं. एजन्सीला रीतसर अर्ज, बजेट, कागदपत्रं सगळं परत द्यावं लागतं, ते तपासतात, मग ग्रँट निघते. अर्ज करताना १२ लाखांत बजेट बसवायचं होतं. माझ्या स्क्रीनवर एक्सेलची ती शीट उघडी, बाई माझ्या शेजारी बसलेल्या, आणि आम्ही एकेक ओळ बघत होतो. दोन मशीन ठेवली तर पैसे जवळजवळ संपत होते. एकच ठेवलं तर टेक्निशियन आणि सर्व्हिस दोन्ही बसत होतं.

बाई म्हणाल्या, मशीन परत कधी मिळणार नाही, माणूस आपण कुठूनही उभा करू. डीनचंही तेच मत. मी म्हटलं, सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट म्हणजे वर्षाला मशीनच्या किमतीच्या साधारण दहा टक्के, ते कुठून आणणार, तर ठरलं की पहिलं वर्ष वॉरंटीतच आहे, तोपर्यंत काहीतरी होईल. टेक्निशियनची आणि सर्व्हिसची अशा दोन्ही ओळी मीच डिलीट केल्या. इथे थांबायला हवं होतं, आज मला पक्कं वाटतं की एकच मशीन आणि एक माणूस हाच बरोबर निर्णय होता.

दरम्यान त्याच वसंतात खोलीसाठी पुढच्या वर्षाची विनंती गेली, बांधकामाच्या खिशातून, ९ लाख. जुलै २०२४ ला सेनेटच्या कमिटीच्या यादीत तीही आली. सगळे निर्धास्त झाले. मागच्या वर्षी यादीत आलं आणि पुढे मिळालं, यंदाही तसंच.

काय झालं

सप्टेंबर २०२४ ला ग्रँट हातात आली. खरेदीचे केंद्राचे नियम कडक असतात, स्पर्धात्मक बोली मागवा नाहीतर एकाच कंपनीकडून का घेतोय याचं लेखी कारण द्या, त्यात दोन महिने गेले. कोटेशनची मुदत डिसेंबरअखेर संपत होती, पुढे किंमत वाढणार होती. म्हणून ऑर्डर दिली, खोली होईपर्यंत मशीन यायला वेळ लागेलच असं धरून.

फेब्रुवारी २०२५ ला लाकडी खोकी आली. तळमजल्याच्या कॉरिडॉरमध्ये भिंतीला लावून ठेवली, प्रत्येकावर तो धक्का लागला तर लाल होणारा स्टिकर, आमचे सगळे पांढरे होते. सफाईवाले रोज त्यांच्याभोवतीने पुसायचे.

१४ मार्च २०२५ ला संसदेने त्या वर्षाचं बजेट नव्याने न करता पूर्ण वर्षासाठी आधीच्याच पातळीवर मुदतवाढ दिली आणि त्यात त्या वर्षाचे सगळेच इअरमार्क गेले. फक्त आमचा नाही, देशभरातले, दोन्ही पक्षांचे, हजारो. पुलांचे, दवाखान्यांचे, सगळ्यांचे. कमिटीच्या यादीत असलेले आमचे ९ लाख म्हणजे एक पीडीएफ राहिली.

त्या संध्याकाळी बाई माझ्या ऑफिसमध्ये येऊन बसल्या. काही बोलल्या नाहीत बराच वेळ. मग म्हणाल्या, "२०२१ च्या त्या रिव्ह्यूअरने हेच विचारलं होतं ना?" मी फाईल काढली. कोण चालवणार, कुठल्या खोलीत, तीन वर्षांनंतर काय. तीनही प्रश्न जसेच्या तसे समोर उभे होते, फक्त आता मशीन विकत घेऊन झालं होतं. ज्या वाटेने आम्ही आलो तिथे हा प्रश्न विचारणारं कोणीच नव्हतं, आणि ज्याने विचारला होता त्याचं आम्ही मनावर घेतलं नव्हतं.

वॉरंटीचं वेगळंच निघालं. ऑर्डरमधल्या अटीत लिहिलं होतं की वॉरंटी बसवल्यापासून किंवा माल पोचल्यापासून ९० दिवसांनी, जे आधी असेल तेव्हा सुरू. म्हणजे मे महिन्यात खोक्यात बंद मशीनची वॉरंटी चालू झाली. ही अट बोलणी करून बदलता आली असती, असं खरेदी विभागातल्याच एका अनुभवी माणसाने नंतर सांगितलं. त्यांना आम्ही आधी विचारलंच नव्हतं की खोली तयार आहे का, आणि त्यांनाही ते आपलं काम वाटलं नव्हतं.

मग धावपळ. ट्रिपल क्वाड तुलनेने लहान, ते जूनमध्ये दुसऱ्या एका प्रोफेसरच्या लॅबच्या कोपऱ्यात बसवलं. एका पीएचडीच्या विद्यार्थिनीने ते चालवायला घेतलं, तिचा स्वतःचा थिसिस बाजूला पडला, याची भरपाई कशाने होणार मला माहीत नाही. आणि पहिल्याच आठवड्यात नवीन त्रास, ब्लँकमध्येच पीफास दिसायला लागले. ब्लँक म्हणजे ज्यात काहीच नसायला हवं असं शुद्ध पाणी. पीफास मोजणाऱ्या लॅबला हा कायमचा ताप असतो, नळ्या टेफ्लॉनच्या चालत नाहीत म्हणून पीक (PEEK) नावाच्या प्लास्टिकच्या घालाव्या लागतात, बाटल्या पॉलिप्रॉपिलीनच्या, नमुना घेणाऱ्याने वॉटरप्रूफ जॅकेट घालायचं नाही. ते सगळं केलेलं होतं. तरी येत होतं. तीन आठवडे ती मुलगी एकेक वस्तू काढून ब्लँक चालवत होती, शेवटी निघालं की त्या जुन्या फ्यूम हूडच्या, म्हणजे वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटाच्या, आतल्या अस्तरावरून आणि दाराच्या सांध्यातल्या टेफ्लॉनच्या पट्टीवरून येतंय. खोली नीट करणं म्हणजे नुसता रंग आणि वीज नव्हे, मोजमापाचाच तो भाग होता, आणि आम्ही त्याला 'पुढच्या वर्षी बघू'च्या यादीत टाकलं होतं.

प्रोव्होस्टनी, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या शैक्षणिक प्रमुखांनी, शेवटी उन्हाळ्यात युनिव्हर्सिटीच्या आतल्या फंडातून ४ लाख दिले, ९ चं काम ४ मध्ये बसवलं. हवेची व्यवस्था अर्धीच झाली पण हूड बदलले, नायट्रोजन आला. दुसरं मशीन ऑक्टोबर २०२५ ला उघडलं, आठ महिने खोक्यात राहून. स्टिकर तेव्हाही पांढरेच होते.

काय वेगळं करता आलं असतं

इअरमार्क मागितला ही चूक होती असं मला आजही वाटत नाही. विहिरीवाल्यांचा प्रश्न स्थानिक होता, एनएसएफच्या नजरेत तो 'नवीन विज्ञान' म्हणून कदाचित कधीच बसला नसता, आणि सिनेटरच्या ऑफिसला तो दहा मिनिटांत कळला. निवडून आलेल्या माणसाला आपल्या भागातली गरज कळावी आणि त्याने त्यासाठी पैसा आणावा यात वाईट काही नाही, आणि आता ते निदान सगळ्यांसमोर वेबसाईटवर नाव टाकून होतं.

चूक अशी की पीअर रिव्ह्यू टळला म्हणून आम्ही तपासणीच टाळली. आमच्याच कॅम्पसवर मास स्पेक्ट्रोमीटर चालवलेले चार जण आहेत, त्यांना बसवून अर्ज वाचायला दिला असता तर अर्ध्या दिवसात खोली, नायट्रोजन, माणूस सगळं निघालं असतं. दुसरं, एमआरआयची जागा कायदा सही होईपर्यंत सोडायची नव्हती. बाईंनी त्या नोव्हेंबरला अर्ज केला असता आणि नंतर दोन्हीकडून मिळालं असतं तर एक नम्रपणे परत करता येतो, पण न केलेला अर्ज मिळत नाही. मी त्या मीटिंगमध्ये हे बोलायला हवं होतं, नोट्स घेणाऱ्याने बोलू नये असा काही नियम नव्हता.

रक्कम कापली जाणार हे धरून अर्जासोबतच ठरवायला हवं होतं की १८ चे १२ झाले तर काय, ९ झाले तर काय. आम्ही ते १२ हातात आल्यावर ठरवलं, आणि तेव्हा आनंदात आणि घाईत वस्तू ठेवली, माणूस सोडला. आणि खोलीची विनंती पुढच्या वर्षावर ढकलताना मनात असं होतं की पुढचं वर्ष या वर्षासारखंच असणार. २०११ ते २०२१ दहा वर्षं हा पैसा नव्हताच, तरी आम्ही दोन वर्षांच्या अनुभवावर त्याला नेमाचा पाऊस समजून पेरणी केली.

आमच्या ऑफिसने आता एक फॉर्म केलाय, इअरमार्क मागायचा असेल तर आधी तो भरायचा आणि कॅम्पसवरच्या तीन जाणकारांनी वाचून सही करायची. पहिले तीन प्रश्न २०२१ च्या त्या शेऱ्यातलेच घेतलेत. यंदा दोन डीननी तक्रार केली की यात वेळ जातो, एकाने अर्ज मागे घेतला कारण तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

दोन्ही मशीन चालू आहेत. दोनशेच्या आसपास विहिरींचे नमुने फ्रीजमध्ये थांबले होते, ते आता संपत आलेत आणि निकालाची पत्रं पोस्टाने जातायत, कारण बऱ्याच घरी ईमेल बघत नाहीत. दुकानातून कॅन आणणाऱ्या त्या बाईंचं पत्र मीच पाकिटात घातलं, आकडा मर्यादेच्या कितीतरी वर होता, सोबत काउंटीच्या फिल्टर योजनेचा कागद जोडला. त्यांनी फोन करून विचारलं की गाईंच्या दुधाचीही तपासणी करता का. आमच्या प्रोफेसरबाई हो म्हणाल्या, त्यासाठी वेगळी पद्धत बसवावी लागेल, ती विद्यार्थिनी सध्या तेच करतेय. दुसऱ्या वर्षाच्या सर्व्हिसचे पैसे कुठून येणार ते अजून ठरलेलं नाही.